डीपीवरच्या अकरा मोटरी

दूध संकलन केंद्रापासून पळसदेवच्या फाट्यापर्यंत टेलिफोनचे बावीस खांब आहेत. त्यांपैकी सोळा खांबांच्या शेजारून, कुठे पंधरा फुटांवरून तर कुठे वीस, विजेची लाइन जाते. त्या लाइनवर एक डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, आहे आणि डीपीवर अकरा मोटरी: सात विहिरींवर, चार उजनी धरणाच्या फुगवट्यावर. अकरापैकी नऊ मोटरींना ऑटो बसवलेला आहे. म्हणजे वीज आली की त्या आपोआप सुरू होतात, मालक घरी झोपलेला असला तरी. त्याच डीपीवर आमच्या केंद्राची जोडणी आहे. केंद्रात एक संगणक, एक मोडेम, एक फोन आणि एक यूपीएस. वीज गेल्यावर यूपीएसवर संगणक चौदा मिनिटं चालतो. हे मी तीनदा मोजलं होतं: चौदा, चौदा आणि साडेतेरा.

मोजायची वेळ आली ती परीक्षेमुळे.

मी या केंद्रावर दूध तपासते. बारामतीला रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले आणि १९९६ साली इथे लागले, तेव्हापासून हंगामीच आहे. गेल्या जूनमध्ये पुण्याच्या एका संस्थेत व्यवसाय व्यवस्थापनाच्या पदविकेसाठी नाव घातलं. नोकरी सोडणं परवडत नाही अशा लोकांसाठी तो अभ्यासक्रम होता. धडे फ्लॉपीवर पोस्टाने यायचे, स्वाध्याय मोडेमवरून पाठवायचे आणि महिन्यातून एका रविवारी बारामतीत तास व्हायचा. तेव्हा फक्त शिकावंसं वाटत होतं. जानेवारीत डेअरीचं परिपत्रक आलं: इंदापूर तालुक्यातल्या बारा केंद्रांवर एक पर्यवेक्षक नेमायचा आहे. केंद्रावर काम केलेल्यांना प्राधान्य, पण व्यवस्थापनाची पदविका हवी, आणि ती ३१ मार्चच्या आत. तसं कोणी नसेल तर बाहेरून माणूस घेणार. आमच्या बारा केंद्रांत ती पदविका करणारी मी एकटीच होते.

शेवटची परीक्षा गुरुवारी, ११ मार्चला, दुपारी दोन वाजता होती. चाळीस प्रश्न, पन्नास मिनिटं, आणि उत्तीर्ण व्हायला चोवीस बरोबर. प्रश्न एकेक करून पडद्यावर येणार. मध्येच लाइन तुटली तर तोवर पोचलेली उत्तरं तेवढी धरणार, आणि पुन्हा बसायचं तर पुढच्या मार्चमध्ये.

परीक्षा दुसऱ्या गावाहून देता येत नव्हती. आपण फोन लावला की संस्थेचा संगणक तो तोडतो आणि प्रवेशअर्जावरच्या नंबरावर उलट फोन करतो, म्हणजे आपल्या जागी दुसरं कोणी बसू नये. माझ्या अर्जावर केंद्राचा नंबर होता. बारामतीतला नंबर चालेल का म्हणून मी दोन पत्रं पाठवली. दुसऱ्याला उत्तर आलं: चालू वर्षात नंबर बदलता येणार नाही.

फेब्रुवारीत मी सरावासाठी लाइन जोडून बघायला लागले आणि ती तुटायला लागली. कधी दोन मिनिटांत, कधी चाळीस. एकदा एक तास चार मिनिटं टिकली. मी वही घातली. आधी वाऱ्यावर संशय घेतला, मग उन्हावर. मग एकदा लक्षात आलं की लाइन तुटते त्याच क्षणी डोक्यावरची ट्यूब मिचकते.

"कुणीतरी मोटर लावली," सर्जेराव म्हणाले. ते केंद्रावर दूध मोजून घेतात. पंचविसेक वर्षं हेच काम करतायत आणि ट्यूबच्या मिचकण्यावरून मोटर किती हॉर्सपॉवरची तेही सांगतात.

पुढचे दहा दिवस मी फक्त ट्यूबच्या नोंदी केल्या. चालू असलेल्या मोटरीचा लाइनला काही त्रास नसतो. सुरू होणारी मोटर झटका देते. एकटी मोटर सुरू झाल्याच्या सव्वीस नोंदी मिळाल्या: अकरा वेळा लाइन तुटली, पंधरा वेळा टिकली. वीज जाऊन परत आल्याच्या नोंदी नऊ. त्या वेळी ऑटोवरच्या सगळ्या मोटरी एकदम उठतात. नऊच्या नऊ वेळा लाइन तुटली.

धडा सहा असा होता: ज्यांच्या सहकार्याशिवाय आपलं काम अडेल, त्यांची यादी करा. मी नऊ नावं लिहिली. नऊही जण आमच्याच केंद्रावर दूध घालतात.

परीक्षेच्या आठवड्यात मोटरींना लागणारी थ्री फेज वीज सकाळी दहा ते संध्याकाळी सहा होती. मी प्रत्येकाला एकच गोष्ट सांगितली: गुरुवारी दोन ते तीन ऑटो काढून ठेवा. मोटर चालू असेल तर चालू राहू द्या, बंद असेल तर बंद. मधे वीज जाऊन आली, तर तीनपर्यंत हात लावू नका. सात जण हो म्हणाले. द्वारकाबाई भाचीच्या लग्नाला बावड्याला गेल्या होत्या, गुरुवारी दुपारी यायच्या होत्या. राहिले गेणबा.

त्यांचं दूध मी चार दिवसांपूर्वी परत केलं होतं. लॅक्टोमीटर चोवीसवर उभा राहिला होता. मी गेले तेव्हा ते कांद्याला दारं धरत होते आणि प्रयागबाई बांधाजवळ खुरपत होत्या.

"या म्याडम. आज दूध माघारी लावायला रानातच आला का?"

मी काय हवं ते सांगितलं.

"अन् लाईट जाऊन आली तर?"

"तर तीन वाजेपर्यंत बंद राहू द्यायची, आबा."

"म्हंजी पाणी बंद." ते प्रयागबाईंकडे वळले. "ऐकलं का गं? म्याडम म्हणत्यात, दुधातलं बी पाणी बंद आन् रानातलं बी."

"दुधातलं कशाला घालत हुता मग?" प्रयागबाई खुरपं न थांबवता म्हणाल्या.

"म्या न्हाय घातलं. म्हशीनं घातलं."

"म्हशीला हांडा उचलतो व्हय?"

गेणबांनी दार मोडून पाणी पुढच्या वाफ्यात घेतलं आणि हात धुतले. "बरं, असं करू म्याडम. तुमी माझा फॅट रोज दोन पॉइंट वर धरा. म्या तासभर ऑटो काढतो. तासभर कशाला, दिवसभर काढतो."

धडा नऊमध्ये लिहिलं होतं की सहकार्य मागताना समोरच्याचा फायदा आधी सांगावा. मी वाटेत त्याचाच विचार करत आले होते. दुधाचा भाव फॅटवर ठरतो; त्यांना उपयोगी पडेल असं माझ्याकडे दुसरं काही नव्हतं.

"ते नाही जमायचं, आबा."

"मग ह्ये बी न्हाय जमायचं," ते म्हणाले. रागाने नाही. भाव पटला नाही की माणूस बोलतो तसं.

बुधवारी संध्याकाळी, हो म्हणालेल्या सातांपैकीच एक, सोनबा तात्या दूध घेऊन आले. त्यांच्याकडे कुठलंही पद नाही, पण त्या बाजूच्या रानातली भांडणं त्यांच्याकडेच जातात. मी त्यांना माझी वही दाखवली. चौदा दिवसांत दोन ते तीनच्या दरम्यान पाच वेळा वीज गेली होती. वीज गेली तर ती परत येणार, आणि सात जणांनी ऑटो काढले तरी दोन उरतात.

तात्यांनी वही लांब धरून वाचली. "तू नगं फिरू आता पोरी. म्या बघतो. अकरा जणांच्या भरवशावर आमी माणूस विहिरीत सोडत न्हाय."

याचा अर्थ मला कळला असं मला वाटलं.

गुरुवारी दोनला दोन मिनिटं असताना मी फोन लावला. पलीकडून तुटला. मग आमचा फोन वाजला, मोडेमचा आवाज झाला, आणि बरोबर दोन वाजता पहिला प्रश्न आला. सर्जेराव दारात स्टूल टाकून बसले, कोणी आत येऊ नये म्हणून. मी भिंतीवरचं घड्याळ काढून संगणकाशेजारी ठेवलं होतं.

दोन वाजून सहा मिनिटांनी ट्यूब गेली.

यूपीएस टींव टींव करायला लागला. लाइन शाबूत होती. टेलिफोनला आमची वीज लागत नाही. मी पाचवं उत्तर पाठवलं. चौदा मिनिटांत, म्हणजे दोन वीसच्या आत, वीज यायला हवी होती. आणि आली तर दोनच ऑटो उठायला हवे होते. मी सहावा प्रश्न वाचला, तोच पुन्हा वाचला आणि उत्तर पाठवलं.

बाहेर लुना थांबल्याचा आवाज आला. वायरमन कुंडलिक दारातून आत डोकावला. चेहरा खुशीत होता.

"म्याडम, निवांत बसा. डीपीच पाडलाय. एकबी मोटर उठायची न्हाय. तीनच्या ठोक्याला टाकतो."

विहिरीत गाळ काढायला किंवा पाइपच्या तळाची झडप, म्हणजे फूटबॉल, बसवायला माणूस उतरला की इथे कोणी मालकांना मोटरी बंद ठेवा असं सांगत बसत नाही. वायरमनला सांगून सगळा डीपीच पाडतात, म्हणजे बंद करतात. माणूस वर आला की टाकतात. तात्यांनी माझ्यासाठी तेच केलं होतं.

"कुंडलिकराव," मी म्हणाले, "हा संगणकही त्याच डीपीवर आहे."

कुंडलिकने यूपीएसकडे बघितलं, मग ट्यूबकडे, मग वायर वर जाते त्या कोपऱ्याकडे. ही जोडणी त्यानेच करून दिली होती.

"मग टाकतो की लगीच."

"थांबा. ऑटो निघालेत ना सगळ्यांचे?"

उत्तर सर्जेरावांनी दिलं. "सकाळी तात्यांनी हो म्हनलेल्या समद्यांना सांगितलं, डीपीच पडतोय, ऑटोला कुणी हात लावायचं कारण न्हाय."

म्हणजे नऊच्या नऊ. वीज टाकली तर लाइन तुटणार, आणि न टाकली तर दोन वीसला संगणक बंद. सहा उत्तरं गेली होती. केंद्र त्याच डीपीवर आहे हे माझ्या वहीच्या पहिल्या पानावर होतं आणि मी ते नवांपैकी एकालाही सांगितलं नव्हतं. तात्यांनी वही वाचली ती मागच्या पानापासून.

"नऊ ऑटो काढायचे," मी म्हणाले. "आणि मग टाकायचं. अकरा मिनिटं आहेत."

सर्जेराव सायकलकडे गेले. कुंडलिक निघणार एवढ्यात दारात गेणबा उभे राहिले. धोतराचा सोगा वर खोचलेला, पाय ढोपरापर्यंत चिखलाने भरलेले.

"कुणी पाडला रं डीपी? माझा निम्मा कांदा तसाच हाय."

"आबा, तात्यांनी सांगितलं म्हनून..." कुंडलिकने दोन वाक्यांत सगळं सांगितलं. मी पडद्याकडे बघत होते. सातवा प्रश्न असा होता की काम सोपवताना त्याचं कारण सांगितलं नाही तर पुढीलपैकी काय संभवतं. मी 'क' पाठवलं.

"म्हंजी आता ही पेटी वरडती ती बंद पडली की झालं?" गेणबांनी विचारलं.

"हो."

"तात्यांचं डोकं न्हेमी पुढं पळतं," ते म्हणाले. पुढे काय बोलले ते लुना सुरू झाल्याच्या आवाजात ऐकू आलं नाही. मान वळवून बघितलं तर लुनावर गेणबा होते आणि कुंडलिक डीपीच्या दिशेने पळत होता.

मी घड्याळ बघितलं. दोन बारा. आठ मिनिटांत नऊ मोटरी होणार नव्हत्या.

सगळ्यांत जास्त वीज पडदा खातो. प्रश्न वाचायला दहा सेकंद लागतात, विचाराला पन्नास. त्या पन्नास सेकंदांत पडदा लागत नाही. मी प्रश्न वाचायचा, पर्याय कागदावर अ, ब, क, ड असे एकेका शब्दात उतरवायचे, आणि पडद्याचं बटन बंद करायचं, असं सुरू केलं. उत्तर ठरलं की पुन्हा चालू. काच उजळायला चार सेकंद घेते. अशाने यूपीएस किती वेळ पुरतो हे मी कधी मोजलं नव्हतं.

दोन वीसला तेरा उत्तरं झाली होती. यूपीएस चालू होता. दोन तेवीसला टींव टींव जवळजवळ यायला लागलं. तळहात ओले झाले होते, बटन घसरत होतं म्हणून मी ते पेन्सिलीच्या मागच्या टोकाने दाबत होते. पडदा बंद असताना खोलीत मोडेमचे तीन लाल ठिपके तेवढे दिसायचे. मी प्रत्येक वेळी आधी तिसरा ठिपका बघायचे. तो विझला म्हणजे लाइन गेली.

दोन एकोणतीस. एकवीस उत्तरं. डीपीकडून हाक आली, मग जवळच्या बांधावरून सर्जेरावांची.

"म्याडम, टाकू का विचारतोय."

"किती निघाले?"

"आठ. नववा तात्यांचा. पेटीला कुलूप हाय आन् तात्या किल्ली घेऊन फाट्यावर बसल्यात."

यूपीएसचा आवाज आता जवळजवळ सलग झाला होता. एक मोटर. सव्वीसपैकी पंधरा वेळा टिकली होती. न टाकली तर पुढच्या मिनिटाचीही खात्री नव्हती. आणि एकवीसच्या एकवीस बरोबर असती तरी चोवीस होणार नव्हती. मी बाविसावं उत्तर पाठवलं, ते पोचल्याची खूण पडद्यावर यायची वाट बघितली, आणि ओरडले, "टाका."

ती हाक बांधावरून डीपीपर्यंत जायला आठ-नऊ सेकंद लागले असतील.

ट्यूब उजळली, मिचकली, पिवळी पडली. तिसरा ठिपका विझला. मग लागला. पुन्हा विझला, आणि लागून राहिला. दूर तात्यांच्या विहिरीवरून मोटरीचा बारीक घणघण आवाज येत होता. यूपीएस गप्प झाला होता. पडद्यावर तेविसावा प्रश्न होता. दोन एकतीस.

त्यानंतर मी घड्याळाकडे बघायचं सोडलं आणि फक्त उत्तरं देत गेले. काही प्रश्न पुरते न वाचता दिले, हे खरं आहे.

पस्तिसावा प्रश्न पडद्यावर असताना ट्यूब पुन्हा मिचकली. ठिपका विझला आणि परत लागला नाही. घड्याळात दोन चव्वेचाळीस झाले होते.

थोड्या वेळाने द्वारकाबाई केंद्राच्या दारात आल्या. हातात लग्नातली पिशवी होती.

"माझा ऑटो कुणी काढला गं बाई? एष्टीतनं उतरले, बघते तर लाईट हाय आन् मोटर बंद. आता लावून आले. चोरबीर फिरत्यात का काय रानातनं?"

"चोर न्हाय," सर्जेराव म्हणाले. "गेणबा."

पिशवीतून त्यांनी दोन बुंदीचे लाडू काढून माझ्या टेबलावर ठेवले. लाइन त्यांच्या मोटरीने तुटली हे मी त्यांना सांगितलं नाही.

आठ ऑटोंपैकी तीन सर्जेरावांनी काढले होते आणि पाच गेणबांनी. स्वतःचा त्यांनी सगळ्यांत शेवटी काढला. हे मला सर्जेरावांकडून कळलं. गेणबा दुसऱ्या दिवशी दूध घेऊन आले. मी आभार मानले तर म्हणाले, "लुनाचा ब्रेक लागत न्हाय, सांगा कुंडलिकला." तात्या मात्र चार दिवस दूध पोराच्या हाती पाठवत होते. पाचव्या दिवशी स्वतः आले आणि म्हणाले, "पोरी, त्या वहीचं पयलं पान आदी दाखवायचं असतं." मी हो म्हणाले.

शनिवारी, २० तारखेला, दुपारच्या टपालाने संस्थेचं पाकीट आलं. पातळ होतं, आत एकच कागद असावा. मी ते उजेडाकडे धरून बघितलं, काही दिसलं नाही. फोडायला घेतलं आणि आम्लाच्या बाटलीखाली ठेवून दिलं. संध्याकाळच्या दुधाला तीन तास होते. त्या तीन तासांत मी सगळी काच दोनदा धुतली.

रांगेत गेणबा तिसरे होते. लॅक्टोमीटर अठ्ठावीस. मी नळीत आम्ल घेतलं, दूध सोडलं, अल्कोहोल घातलं, बूच लावून नळी हलवली. सर्जेरावांनी यंत्राचा दांडा पाच मिनिटं फिरवला. नळी डोळ्यांसमोर धरली.

"फॅट पाच नऊ, आबा."

"सहा म्हना की."

"पाच नऊ."

"लिवा," ते म्हणाले. किटली उचलली, पण हलले नाहीत. मागच्या रांगेतले लोकही पुढे सरकले नाहीत. "आन् ती बाटली कवा उचलताय? सर्जेरावानं दुपारीच समद्या वस्तीत सांगितलंय, पाकीट आलंय म्हनून."

मी वहीत ५.९ लिहिलं, हात धुतले, कोरडे केले आणि पाकीट फोडलं.

एकूण प्रश्न ४०. पोचलेली उत्तरं ३४. बरोबर २५.